खानापूर तालुका: एकाच नकाशात किती पावसाळे?

जुलै लागला की आपल्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ठरलेला प्रश्न फिरायला लागतो: "उद्या सुट्टी हाय काय?" मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश येतो आणि त्यात तालुक्यांची नावं असतात. खानापूरला सुट्टी, कधी बेळगावलाही सुट्टी, आणि अथणी, रायबागची मुलं मात्र नेहमीसारखी वर्गात. जिल्हा एक, दिवस एक, आदेश मात्र तालुका बघून काढावा लागतो. हे असं का होतं, ते या लेखात सांगायचा प्रयत्न आहे. विषय हवामानाचा असला तरी मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे अधूनमधून शब्दांकडे वळेन, तेवढं चालवून घ्या.

आधी आकडे बघू. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर बरोबर एक लिटर पाणी. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. खानापूर गावात त्याहून जास्त, दीड ते दोन हजारांच्या दरम्यान. तिथून जांभोटीवरून चोर्ला घाटाच्या रस्त्याला लागलं, की कणकुंबीला आकडा पाच हजारांच्या वर जातो. आणि घाटाच्या टोकावरचं आमगाव. भीमगड अभयारण्यातल्या या छोट्या गावात २०१० साली दहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. दहा हजार मिलिमीटर म्हणजे दहा मीटर. पडलेलं सगळं पाणी जागच्या जागी साठलं असतं, तर तीनमजली इमारत बुडाली असती. (हा एका वर्षाचा आकडा आहे, दरवर्षीचा नाही. "कर्नाटकची चेरापुंजी" हा किताब कोणाचा यावर आगुंबेवाल्यांशी भांडायची मला हौस नाही.) याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सौंदत्ती, रामदुर्ग, अथणीकडे वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर.

घराच्या हिशेबात सांगते. पन्नास चौरस मीटरचं कौलारू छप्पर धरा. कणकुंबीला त्या छपरावरून वर्षाला अडीच लाख लिटर पाणी खाली येतं. अथणीला तेवढ्याच छपरावरून जेमतेम पंचवीस ते तीस हजार लिटर. म्हणून "बेळगाव जिल्ह्याचा सरासरी पाऊस" हे वाक्य पेपरात वाचलं की मला हसू येतं. ती सरासरी कणकुंबीत खरी नाही आणि अथणीतही नाही.

आता कारण. जूनच्या सुमारास अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येचे वारे जमिनीकडे येतात. हजारो किलोमीटर पाण्यावरून आल्यामुळे ते बाष्पाने भरलेले असतात. किनाऱ्यावर त्यांना फारसा अडथळा नसतो, तरीही पणजीला वर्षाकाठी तीन हजारांच्या जवळपास पाऊस पडतो. पुढे सत्तरीत वाळपईला, डोंगराच्या पायथ्याशी, तो चार हजारांच्या आसपास जातो. आणि मग समोर सह्याद्री उभा राहतो. आपल्या बाजूला तो महाबळेश्वराइतका उंच नाही. चोर्ला घाट जेमतेम आठशे मीटरचा. पण वाऱ्याला तेवढा धक्का पुरतो. वारा वर चढतो, वर हवेचा दाब कमी असल्यामुळे हवा पसरते, आणि पसरताना थंड होते. कोरडी हवा किलोमीटरला साधारण दहा अंशांनी थंड होते. समुद्रावरून आलेली हवा आधीच बाष्पाने जवळजवळ भरलेली असते, म्हणून काहीशे मीटर चढल्यावरच तिच्यातल्या बाष्पाचे थेंब व्हायला लागतात. थंड हवेला गरम हवेइतकं बाष्प धरता येत नाही. जे धरता येत नाही, ते ती घाटमाथ्यावर टाकून देते.

माथा ओलांडला की वाऱ्याची चढण संपते. ओझं बरंचसं उतरलेलं असतं, पुढे पठार पूर्वेकडे हळूहळू उतरत जातं, आणि उतरणारी हवा परत गरम होत जाते. गरम हवा बाष्प धरून ठेवते. यालाच भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछाया म्हणतात. शाळेत आपण हा शब्द पाठ केला, पण तो कुठे सुरू होतो हे बघायचं असेल तर जुलैत बेळगाव-पणजी रस्त्याच्या बसमध्ये खिडकीला बसावं. बेळगावात भुरभुर, जांभोटीला धार, कणकुंबीला समोरच्या गाडीचे दिवेसुद्धा दिसत नाहीत. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतलं.

सगळा पाऊस डोंगरच पाडतो असं मात्र नाही. डोंगर जागच्या जागीच असतो, तरी जुलैतला एखादा आठवडा उघडा जातो आणि एखाद्या आठवड्यात नाले पुलावरून वाहतात. त्याचं कारण वाऱ्याच्या जोरात आहे. गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा एक लांबट पट्टा तयार होतो. तो ठळक असला की किनाऱ्यावर आणि घाटावर पाऊस वाढतो. तिकडे बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र बनलं आणि मध्य भारताकडे सरकलं, की तेही अरबी समुद्रावरचे वारे जोराने ओढून घेतं. म्हणजे ओडिशाच्या किनाऱ्यावरची बातमी ही आपल्या घाटाचीही बातमी असते. बेळगावात बसून कुणी "ओडिशात काय का होईना" म्हटलं, तर त्याला हे सांगा.

तालुक्याच्या आतसुद्धा दोन जगं आहेत. पश्चिमेला कणकुंबी, जांभोटी, हेम्माडगा, नेरसा, लोंढा: दाट जंगल, जांभा दगड, तांबडी माती, भात आणि नाचणा. पूर्वेला पारिशवाड, इटगी, बिडीकडे माळ मोकळा होत जातो, माती काळपट होते, मका, सोयाबीन, कापूस दिसायला लागतात, आणि बोलण्यात मराठीच्या जागी कानडी येते. भाषेची सीमा पावसाच्या रेषेवरून चालते असा सिद्धान्त मांडण्याचा मोह मला होतो. पण तसं नाही, आणि या विषयावर आपल्या भागात आधीच पुष्कळ सिद्धान्त आहेत.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते, नक्षत्रांकडे. आपल्या शेतकऱ्याचं पावसाचं कॅलेंडर जून-जुलैचं नाही, मृग-आर्द्राचं आहे. सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रांतून फिरतो. ३६५ दिवसांना सत्तावीसने भागलं की साडेतेरा येतात, म्हणून प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. २५ मेच्या सुमारास रोहिणी, ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, ५-६ जुलैला पुनर्वसू, १९-२० जुलैला पुष्य, मग आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, आणि सप्टेंबरच्या शेवटी हस्त. मृगापासून हस्तापर्यंतची नऊ ही पावसाची धरतात. चित्रा-स्वाती परतीच्या पावसाला. पुनर्वसूच्या पावसाला तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. हस्ताचा तो हत्तीचा. "तरण्यानं झोडपलं, म्हाताऱ्यानं बुडवलं" असं कुणी सहज बोलून गेलं, तर त्यात पंधरा-पंधरा दिवसांचा अख्खा हवामान अहवाल असतो.

हे कॅलेंडर इतकं टिकलं, कारण ते सोयीचं आहे. महिना तीस दिवसांचा, शेतीच्या कामाला तो फार लांब. आठवडा फार आखूड. पेरलेलं उगवायला, उगवलेलं भांगलायला, लावणीची रोपं तयार व्हायला जो वेळ लागतो, तो नक्षत्रांच्या मापात नीट बसतो. शिवाय आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी पाऊस पोचण्याची नेहमीची वेळ म्हणजे जूनचा पहिला आठवडा, आणि मृग निघतो ७-८ जूनला. जोडी छान जमलेली आहे.

पण ही जोडी कायमची नाही, आणि ही गोष्ट मला फार गमतीची वाटते. नक्षत्रं ताऱ्यांना बांधलेली आहेत आणि ऋतू सूर्याकडे कललेल्या पृथ्वीच्या अक्षाला. हा अक्ष भोवऱ्यासारखा अगदी सावकाश डुलतो, एका फेरीला जवळजवळ सव्वीस हजार वर्षं. त्यामुळे सुमारे एकाहत्तर-बाहत्तर वर्षांत नक्षत्रं ऋतूंच्या मानाने एक दिवस पुढे सरकतात. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला ११५० साली. त्या काळी सूर्य मृगात शिरायचा तो ऋतूंच्या हिशेबाने आजच्यापेक्षा बारा दिवस आधी, म्हणजे आजच्या मापाने मेच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा ज्या पावसाला लोक मृगाच्या शेवटाचा किंवा आर्द्रेचा म्हणाले असते, त्याला आपण मृगाची सुरुवात म्हणतो. पंचांग हलत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी यावर जरा विचार करावा.

पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहनही असतं: कोल्हा, बेडूक, म्हैस, हत्ती, गाढव, उंदीर, मोर, घोडा, मेंढा. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस, असं मानतात. हे वाहन ठरतं कसं, तर सूर्य नक्षत्र बदलतो त्या वेळी सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि त्या संख्येला नऊने भागायचं. बाकी जी उरते, ती वाहन सांगते. यात वारा नाही, दाब नाही, समुद्र नाही. ते निव्वळ गणित आहे, आणि तेच गणित कणकुंबीलाही लागू आणि अथणीलाही. नक्षत्रांच्या तारखा हा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. वाहन म्हणजे भागाकार. दोन्ही एकाच पानावर छापलेलं असतं म्हणून दोन्हींवर सारखा विश्वास ठेवू नये, असं मला वाटतं. शेतकरी बहुतेक ठेवतही नाहीत. "म्हैस हाय म्हणे औंदा" हे वाक्य बरेचदा हसतच म्हटलं जातं.

आमच्या ख्रिस्ती घरांतही असंच एक ऋतूचं खूणपान आहे. ८ सप्टेंबरला मरियामातेच्या जन्माचा सण. गोव्याकडच्या आणि मंगळूरकडच्या घरांतून या दिवशी भाताची नवी कणसं चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात, आणि नवं धान्य जेवणात घेतात. किनाऱ्यावर तोवर कणसं भरायला लागलेली असतात. खानापूरकडे मात्र ती पूर्वा नक्षत्राची वेळ. लांब मुदतीचं भात तेव्हा पोटरीत असतं, कणीस पानाच्या आत. म्हणजे सण घाटाखालून आला, तारीखही आली, पण पीक तारखेसाठी थांबत नाही आणि घाईही करत नाही. हळव्या जातीचं भात ज्यानं लावलंय, त्याच्या शेतात जाऊन कणसं आणायची.

भाताच्या कामाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण हवामानाचा खरा ताळा तिथेच लागतो. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम भागात धूळवाफ पेरणी करतात. वळिवाचे एक-दोन पाऊस झाले की जमीन नांगरून, ढेकळं फोडून भुसभुशीत करायची, आणि मेच्या शेवटी, रोहिणीच्या आसपास, कोरड्या धुळीतच भात पेरून टाकायचं. बी मातीत पडून राहतं. मृगाचा पाऊस आला की उगवतं. याचा फायदा असा, की मोठा पाऊस सुरू होईपर्यंत रोपानं मूळ धरलेलं असतं. दुसरी पद्धत रोप लावणीची: तरव्यात रोपं करायची, शेतात चिखल करायचा, आणि जुलैत पुनर्वसू-पुष्याच्या भर पावसात वाकून लावण करायची. धूळवाफेला मजूर कमी लागतात, पण तण फार येतं आणि भांगलण करून कंबर मोडते. लावणीत तण कमी, पण माणसं एकदम लागतात आणि पाणी साठलेलं लागतं.

धूळवाफ पेरणीचा सगळा डाव एका गोष्टीवर उभा आहे: वळीव आणि मृग यांच्या मध्ये थोडे कोरडे दिवस मिळायला हवेत. वळीव हा मोसमी पाऊस नव्हे. एप्रिल-मेमध्ये जमीन तापते, दुपारी गरम हवा वर उसळते, समुद्राकडून आलेला दमटपणा तिला मिळतो, आणि चार-पाचच्या सुमाराला काळे ढग, वारा, वीज, कधी गारा. तासाभरात सगळं मोकळं. एका शिवारात पडतो, पलीकडच्यात धूळ उडते. त्यानंतर ऊन पडतं, माती वाफशावर येते. वाफसा हा शब्द मला मराठीतला फार नेमका शब्द वाटतो: माती पायाला चिकटत नाही आणि कोरडीही नाही, औत चालेल इतकीच ओल. एका शब्दात हे सगळं.

२०२५ साली मोसमी पाऊस केरळात २४ मेलाच आला आणि दुसऱ्या दिवशी गोव्यात पोचला. पाऊस लवकर आला म्हणजे चांगलंच, असं शहरात बसून वाटतं. पण रोहिणी लागतानाच मोसमी पाऊस सुरू झाला तर धूळवाफेला धूळच उरत नाही. चिखलात कुरी चालत नाही. मग बी तसंच घरात ठेवून तरवा टाकायचा, आणि लावणीला माणसं कुठून आणायची याची काळजी जूनपासूनच सुरू. याच्या उलट २०२३. त्या वर्षी केरळातच पाऊस ८ जूनला पोचला, आणि पुढे ऑगस्ट महिना देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. आणि २०१९च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इतका पाऊस झाला, की मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा सगळ्या एकदम पात्राबाहेर आल्या. खाली गोकाक आणि रामदुर्गात तर पाऊस फारसा नसतानाही घरं पाण्यात गेली. पाणी त्यांच्या आभाळातून आलेलं नव्हतं, आपल्या घाटातून गेलेलं होतं.

पावसाळ्याइतकं बाकीच्या ऋतूंबद्दल लिहिण्यासारखं नाही, तरी एक प्रश्न विचारते. वर्षातला सर्वांत थंड दिवस कोणत्या महिन्यात येतो? सगळे जानेवारी म्हणतात. पहाटेची गोष्ट असेल तर उत्तर बरोबर आहे, बेळगावात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान सरासरी चौदा अंशांच्या आसपास येतं. पण दुपारचं बघितलं तर उत्तर ऑगस्ट. जानेवारीत दुपारी पारा तीस अंशांजवळ जातो आणि ऑगस्टमध्ये पंचवीस-सव्वीसच्या वर सरकत नाही, कारण ढगांनी ऊन अडवलेलं असतं. स्वेटर जानेवारीत सकाळी लागतो, ऑगस्टमध्ये दिवसभर लागतो, आणि वर तो वाळतही नाही.

हिवाळ्यात आकाश निरभ्र असतं, म्हणून जमिनीची उष्णता रात्री वर निघून जाते. थंड हवा जड, ती उतारावरून सखल भागात गोळा होते. म्हणून माळापेक्षा खोलगट शेतात गारठा जास्त आणि तिथेच पहाटे धुकं. भातानंतर काळ्या जमिनीत मसूर, वाटाणा, हरभरा करतात, त्यांना वेगळं पाणी लागत नाही. मातीतली उरलेली ओल आणि रात्रीचं दव यांवर ती निघतात. तांबड्या मातीतली रताळी त्याआधीच, नवरात्राच्या सुमाराला निघून बाजारात गेलेली असतात. आंब्या-काजूला मोहर येतो तेव्हा ढगाळ हवा आली की भुरी आणि तुडतुडे धरतात. वीटभट्ट्यांचाही हाच हंगाम, दिवाळीनंतरपासून मेपर्यंत. भट्टीवाल्याला अवकाळी पावसाची जितकी धास्ती असते तितकी शेतकऱ्यालाही नसेल. रचून ठेवलेल्या कच्च्या विटा तासाभराच्या सरीत परत माती होतात.

आणि मग एप्रिल. पाच हजार मिलिमीटर पावसाच्या गावात एप्रिल-मेमध्ये प्यायच्या पाण्यासाठी घागरी घेऊन चालावं लागतं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटं वाटतं. कारण साधं आहे. पाऊस वर्षभराचा नाही, चार महिन्यांचा आहे. उतार तीव्र आहे, त्यामुळे पाणी थांबत नाही. जे मुरतं ते जांभ्यात मुरतं, आणि जांभा सच्छिद्र. तो जितक्या पटकन पाणी पितो तितक्याच पटकन बाजूच्या उतारावर झऱ्यांतून सोडून देतो. दिवाळीला झरे खळखळत असतात, शिमग्याला त्यांची रेघ होते, मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो. पाऊस किती पडला हा एक प्रश्न आणि पाणी किती दिवस राहिलं हा दुसरा. जंगल हे पाणी थोडं जास्त दिवस धरून ठेवतं. पालापाचोळ्याच्या थराखाली माती मोकळी असते, पाणी वाहून जाण्याऐवजी आत जातं. उतारावरचं झाड तोडलं तर पाऊस कमी होईल की नाही यावर तज्ज्ञ वाद घालतील, पण झरा आधी आटेल याबद्दल कोणत्याही वाडीतल्या बाईला शंका नाही.

भर पावसात याच गावांची दुसरी अडचण सुरू होते. अभयारण्यातल्या आमगाव, गवाळी, पास्तोली, कृष्णापूर अशा गावांच्या वाटा नाल्यांतून जातात. नाला भरला की गाव तुटलं. जूनच्या आधी तांदूळ, मीठ-मिरची, रॉकेल, जळण भरून ठेवायचं, मातीच्या भिंतींना बाहेरून गवताचा किंवा आता प्लॅस्टिकचा आडोसा करायचा. याला आगोटीची बेगमी म्हणतात. आजारी माणसाची बेगमी करता येत नाही. त्याला खाटेवर किंवा डोलीत घालून, नाल्याचं पाणी कमरेला लागत असताना, चौघांनी रस्त्यापर्यंत आणायचं. आपल्या वर्गात जूननंतर काही चेहरे आठवडा-आठवडा दिसत नाहीत, त्यांच्या हजेरीचा हिशेब करताना हे लक्षात असायला हवं. शहरातल्या पावसावर सुट्टी ठरते, त्यांच्या नाल्यावर नाही.

शेवटची गोष्ट नद्यांची. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थला धरण, पुढे कूडलसंगमला कृष्णेत, आणि तिथून बंगालच्या उपसागरात. त्याच तालुक्यात देगावजवळ म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला उतरते. गोव्यात तिला मांडवी म्हणतात, पणजीला ती अरबी समुद्रात जाते. दोन उगमांच्या मध्ये फक्त डोंगराचा एक कणा. ज्या ढगाचं पाणी कण्याच्या एका अंगाला पडलं ते एका समुद्राचं, दुसऱ्या अंगाला पडलं ते दुसऱ्याचं.

म्हादईचा वाद सगळ्यांनी ऐकलेला आहे. पाणलोट २,०३२ चौरस किलोमीटरचं, त्यातलं १,५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात, ७७ महाराष्ट्रात. लवादाने ऑगस्ट २०१८मध्ये निवाडा दिला. कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी, त्यातलं कळसा-भांडुरा नाल्यांतून मलप्रभेकडे वळवायचं ३.९. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. ऐकायला प्रचंड वाटतं, पण मघाच्या मापाने हिशेब करा: पाच मीटर पाऊस पडणाऱ्या पावणेसहा चौरस किलोमीटर डोंगरावर एका मोसमात जेवढं पाणी पडतं, तेवढंच ते. गोव्याला भीती आहे उन्हाळ्याची, की जानेवारीनंतरचा प्रवाह कमी झाला तर खाडीचं खारं पाणी वर सरकेल. धारवाडकडे तहान आहे तीही उन्हाळ्याचीच. दोघंही त्याच कोरड्या महिन्यांबद्दल बोलतायत, आणि पाणी येतं ते मात्र जून ते सप्टेंबर. मोर्चात घोषणा टीएमसीच्या असतात, महिन्यांच्या नसतात. आणि उगमावरच्या वाड्या, जिथे हा सगळा पाऊस पडतो, त्या मेमध्ये टँकरची वाट बघतात. त्यांचा वाटा किती टीएमसी, हे कोणत्याच घोषणेत मी ऐकलेलं नाही.

पुढच्या वर्षी रोहिणी २५ मेच्या सुमारालाच निघेल, ते ताऱ्यांचं काम आहे. पाऊस मेमध्ये येणार की जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, ते समुद्र ठरवेल. अरबी समुद्र गेल्या काही दशकांत तापलाय आणि त्यावर चक्रीवादळंही वाढलीयत. मे २०२१मध्ये तौक्ते गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा घाटावरही झाडं पडली. तालुक्यातले बरेच जण आता अर्धं शेत धूळवाफेला ठेवतात आणि अर्ध्यासाठी तरव्याचं बी वेगळं काढून ठेवतात. बी दुप्पट लागतं, पण कोणता तरी एक डाव लागतो.